हिरव्या कापडावरचा ठोकळा

नॉरहावन, २ सप्टेंबर १९७४

प्रिय गुद्रुनताई,

तुझे जूनमधले पत्र टेबलावर तसेच पडून आहे. उत्तराला उशीर झाला, कारण उन्हाळाभर मी माझ्या टिपणांची नवी प्रत काढत होतो. नवी म्हणजे मजकूर जुनाच, कागद तेवढा नवा. चोवीस वर्षांत त्यातला एक शब्द बदलावा लागलेला नाही. इथले तरुण लेक्चरर दर वर्षी नवे पुस्तक लावतात, पडद्यावर चित्रे दाखवतात, मुलांना घोळक्याने बसवून 'चर्चा' करायला लावतात. ज्याला काही येत नाही त्याच्याशी कसली चर्चा करायची? मी वर्गात जातो, पहिल्या ओळीपासून सांगू लागतो, मुले लिहून घेतात, घंटा होते, मी बाहेर पडतो. याला शिकवणे म्हणतात.

यंत्रभागांच्या वर्गात यंदा एकतीस जण आहेत. आमच्या कॉलेजात यायला आधी कारागिरीचा दाखला लागतो, त्यामुळे माझ्यापुढे येऊन बसतात ते सगळे लोहार, फिटर आणि डेअरीतले मिस्त्री. नखांत ग्रीस, गालात तंबाखू. तास सुरू होऊन दहा मिनिटे झाली नाहीत तोच मागच्या बाकावरून एक जण ओरडतो, "ए विगो, जरा सावकाश सांग की!" ए विगो! पाच-सहा वर्षांत या देशात कसले वारे शिरले आहे कोण जाणे. पूर्वी मला पाहून मुले टोपी काढून उभी राहत. आता विचारतात, "अरे विगो, काडेपेटी आहे का तुझ्याकडे?"

म्हणून मी पहिल्याच दिवशी माझा ठोकळा बाहेर काढतो. तुला आठवत असेलच. मुठीएवढा पोलादी ठोकळा, मध्ये सहापैलू भोक आणि त्यात बसणारा सहापैलू खुंटा. खिडकीसमोर धरला तर फटीतून उजेडाचा कण दिसत नाही. मी म्हणतो, "सभ्य गृहस्थहो, हे मी एकोणिसाव्या वर्षी केले. यंत्र नाही, फक्त कानस. खुंटा कसाही फिरवा, सहाही बाजूंनी बसतो. तीन उस्तादांनी हा तपासला आणि मला कांस्यपदक दिले. तिथून मी कोपनहेगनला गेलो, इंजिनिअर झालो, गोदीत आठ वर्षे जहाजांची यंत्रे बांधली आणि मग तुमच्यासारख्यांना माणसांत आणायला इथे आलो. ज्याला असा ठोकळा करता येईल त्याने तोंड उघडावे. बाकीच्यांनी लिहावे." सगळे मान खाली घालून लिहू लागतात. ठोकळा मी कोणाच्या हातात देत नाही. डोळ्यांनी पाहा, हात खिशात ठेवा.

यंदा एक मुलगीही आहे. कॉलेज निघाल्यापासूनची पहिली. मी तिला ऑफिसातली समजलो आणि म्हटले, "बाई, स्टाफरूममधली कॉफी संपली आहे." ती गेली, किटली भरून आणली, माझ्यासमोर ठेवली आणि पहिल्या बाकावर बसून वही उघडली. वर्ग हसला. कोणाला हसला ते मी पाहिले नाही. मेरेते तिचे नाव. कसल्याशा गावठी भट्टीत चार वर्षे फिटरकी शिकली म्हणे. पैज लाव, ख्रिसमसपर्यंत स्वयंपाकाच्या शाळेत नाव घालेल.

आणखी एक. प्राचार्य येत्या उन्हाळ्यात निवृत्त होत आहेत. समितीला असा माणूस हवा आहे, ज्याच्या हाताला लोखंडाची ओळख आहे आणि डोक्यात गणितही आहे. या इमारतीत असा माणूस एकच आहे. नाव मी सांगायला नको.

बाबांच्या भट्टीचे कसे काय? अजून तूच झाडतेस का?

विगो


होल्मगोर, १२ सप्टेंबर १९७४

विगो,

बाबांची भट्टी मी झाडते, पेटवते आणि तिच्यावर चार घरांची पोटंही भरते. सध्या दोन मासेमारी बोटींचे दांडे आणि पाद्रीबाबांच्या फाटकाची बिजागरी आहे हातात. तू शेवटचा आलास तो आईला माती द्यायला. तेव्हाही हातमोजे काढले नाहीस.

तुझं पत्र लॉरिट्सला वाचून दाखवलं. लॉरिट्स माझा फोरमन, तुला आठवत नसेल, तू माणसं लक्षात ठेवत नाहीस. तो म्हणाला, "चोवीस वर्षं एकच टिपण? आपली ऐरणसुद्धा मधे दोनदा बदलली." मी म्हटलं, ऐरणीवर घाव पडतात रे, याच्या टिपणावर कोण घालणार?

बाबा कसे शिकवायचे ते विसरलास? एकदा सांगायचे, मग हातात लोखंड द्यायचे. बिघडवलं की शिवी द्यायचे आणि दुसरं लोखंड द्यायचे. तुला बरीच लोखंडं द्यावी लागली. पण "लिहून घे" असं ते कुत्र्यालाही म्हणाले नाहीत.

आणि ठोकळा अजून दाखवतोस? अडतीस वर्षं झाली. मला वाटलं होतं, एव्हाना लाजेनं नाही तर गंजानं तरी गेला असेल.

त्या मुलीनं कॉफी तुझ्या डोक्यावर ओतली नाही, म्हणजे तिला वळण चांगलं आहे. पैज लागली. ख्रिसमसपर्यंत ती गेली तर धुरी दिलेला अख्खा ईल मासा पाठवीन. टिकली तर मला काय हवं ते मी सवडीनं मागेन. नाही म्हणायचं नाही.

खारवलेल्या हेरिंग माशांचा डबा पाठवते आहे. डबा परत पाठव. मागचे तीन तू गिळलेस.

गुद्रुन


नॉरहावन, २४ नोव्हेंबर १९७४

ताई,

हे पत्र वाचून झाल्यावर जाळून टाक. भट्टी तुझ्या हाताशीच आहे.

गेल्या मंगळवारी मी वेल्डिंग केलेल्या ब्रॅकेटचे गणित सांगत होतो. तीच मुलगी हात वर करून म्हणाली, "विगो, तुझ्या गणितात हा मध्ये मोडतो. पण तो मध्ये नाही मोडत. इथे, टाक्याच्या कडेला चिरतो. मी असे दहा-बारा दुरुस्त केलेत."

मी म्हटले, "बाई, गणित तुमच्या दहा-बारा ब्रॅकेटांना विचारून केलेले नाही."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

वर्ग फिदीफिदी हसला. मी तेव्हा चूक केली. मी टेबलावरचा ठोकळा उचलला आणि म्हटले, "असे काही आयुष्यात केले आहे का तुम्ही?" ती उठून पुढे आली आणि मी हात मागे घ्यायच्या आत तिने तो माझ्या हातातून घेतला. चोवीस वर्षांत कोणाची ही हिंमत झाली नव्हती. तिने खुंटा काढला, ठोकळा खिडकीकडे तिरका धरला आणि भोकाच्या आतल्या बाजूवर नख फिरवले. मग अगदी साधेपणाने, चेष्टा म्हणूनही नाही, म्हणाली, "हा डावखुऱ्या माणसाने केलाय. कानशीच्या रेघा उलट्या झुकल्यात."

ताई, माझ्या उजव्या हातात खडू होता. एकतीस जण त्या हाताकडे पाहत होते.

मी ठोकळा हिसकावून घेतला आणि तिला वर्गाबाहेर काढले. शिस्त म्हणजे शिस्त. पण तेव्हापासून मागच्या बाकावरचे ते गावंढळ मला पाहून डाव्या हाताने लिहिल्याचे सोंग करतात. ज्यांच्या सात पिढ्यांनी शेण काढले, ते मला हसतात!

तिला कसे कळणार? अंदाजाने बोलली असेल. लोहारांच्या पोरी जत्रेत हात पाहून भविष्य सांगतात, तसलाच प्रकार. तरी विचारतो, तू कोणाला काही बोललेली नाहीस ना? आपले ठरले होते.

विगो

ता. क. समितीने माझा अर्ज घेतला आहे. त्यात कांस्यपदकाचा उल्लेख पहिल्याच ओळीत आहे.


होल्मगोर, १ डिसेंबर १९७४

विगो,

पत्र जाळलं नाही. लाकडं स्वस्त आहेत.

"आपले ठरले होते" म्हणे. काय ठरलं होतं ते एकदा लिहून काढते, म्हणजे तुझ्या टिपणांत तरी एक खरं पान येईल. १९३६ चा फेब्रुवारी. तू तीन ठोकळे बिघडवलेस. चौथा घेऊन कोळशाच्या खोलीत रडत बसला होतास. परीक्षेला चार आठवडे होते आणि बाबांनी सांगितलं होतं, पोरगा नापास झाला तर बोटीवर पाठवतो. तुला समुद्राची भीती. मी एकवीस वर्षांची होते. बाबांच्या हाताखाली सात वर्षं काम केलेलं, पण मुलीचं नाव शिकाऊ कामगार म्हणून लिहीत नव्हते. मला परीक्षेला कोणी बसवणार नव्हतं. म्हणून तुझा ठोकळा मी केला. चार आठवडे, स्वयंपाक आवरून, डाव्या हातानं. तीन उस्तादांनी पास केला तो माझा हात होता. पदक तुझ्या छातीवर लागलं आणि मी त्यांना बटाटे वाढत होते.

मी गप्प राहिले, कारण तू माझा धाकटा भाऊ होतास आणि मला तुझी दया आली होती. वाटलं, याचं डोकं चांगलं आहे, पुढे जाईल, कोणाच्या तरी कामी येईल. तू गेलास पुढे. आणि तोच ठोकळा चोवीस वर्षं पोरांच्या डोक्यात हाणतोयस! ज्यांनी आपापले ठोकळे आपापल्या हातानं केले, त्यांना तोंड बंद ठेवायला सांगतोस! आयत्या बिळावर नागोबा असतो हे माहीत होतं. पण नागोबा वर बीळ कसं खणावं यावर व्याख्यानं देतो, हे तुझ्याकडूनच कळलं.

आता दुसरं. ती "गावठी भट्टी" माझी आहे. मेरेतेला मी शिकवलं. दाखल्यावर सही लॉरिट्सची आहे, कारण त्याच्याकडे सनद आहे आणि माझ्याकडे नाही. का नाही ते तुला माहीत आहे. कानशीची रेघ वाचायला तिला मीच शिकवलं. ठोकळ्याबद्दल मात्र एक अक्षर सांगितलेलं नाही, आणि तू माझा भाऊ आहेस हेही नाही. तिनं आपल्या हिमतीवर पास व्हावं एवढंच मला हवं होतं. पोरगी इंजिनिअर होऊन परत आली की मी भट्टी तिच्या नावावर करणार आहे. मी एकोणसाठची झाले, मांडीचं हाड दुखतं. दुसरं कोणी नाही मला.

ठोकळा परत पाठव. तो माझा आहे.

गुद्रुन


नॉरहावन, २० जानेवारी १९७५

गुद्रुन,

तुझ्या पत्राची भाषा भट्टीला शोभणारी होती. मी त्या पातळीवर उतरणार नाही.

ठोकळा परत मिळणार नाही. समितीपुढे तो माझ्या कारकिर्दीचा पुरावा म्हणून ठेवला गेला आहे. कानस कोणी चालवली हा तपशील झाला. पुढची अडतीस वर्षे मी चालवली.

तुझ्या शिष्येचा जानेवारीतला लेखी पेपर मी तपासला. तिला तेरापैकी पाच दिले. पास व्हायला सहा लागतात हे तुला ठाऊक असेल. उत्तरे बरोबर आली होती, पण माझ्या पद्धतीने काढलेली नव्हती. वर्गात एक सांगायचे आणि पेपरात दुसरे यायचे, असे चालू दिले तर कॉलेज आणि बाजार यांत फरक काय?

आता तिला जूनमध्ये तोंडी परीक्षा द्यावी लागेल. ती दुसरी संधी आणि शेवटचीही. तीत नापास झाली तर इथले दार बंद. मी परीक्षक, सोबत बाहेरचा एक परीक्षक. परीक्षा कशी व्हावी, हे बरेचसे परीक्षकाच्या मनःशांतीवर अवलंबून असते. माझी मनःशांती सध्या तुझ्या हातात आहे. उन्हाळ्यापर्यंत तू तोंड उघडणार नाहीस, इतकेच मला कळायला हवे.

मी धमकी देत नाही. मी फक्त वेळापत्रक कळवले आहे.

विगो


होल्मगोर, २७ जानेवारी १९७५

वचन देते. समितीला, कॉलेजला, मेरेतेला, कोणालाही मी काही सांगणार नाही. उन्हाळ्यापर्यंत नाही आणि त्यानंतरही नाही.

तुझ्यासाठी नाही हे. तू तर माझ्या दृष्टीनं बाबांनी भंगारात टाकलेला तिसरा ठोकळा आहेस. त्या पोरीला सरळ प्रश्न विचार, सरळ ऐकून घे. बाकी ती बघेल.

खरंच म्हणतात, चोर तो चोर वर शिरजोर.

गु.


नॉरहावन, १५ जून १९७५

प्रिय ताई,

पाच महिने तू एक ओळ लिहिली नाहीस. तरी मी मनात काही ठेवत नाही. यशाने माणूस मोठ्या मनाचा होतो. परवा समितीचा निर्णय आला. एक ऑगस्टपासून मी प्राचार्य.

तुझ्या शिष्येचेही सांगतो. मी शब्द पाळला आहे, हे तुला कळलेच पाहिजे.

नेहमीप्रमाणे टेबलावर हिरवे कापड, पाण्याची सुरई, कॉफी, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचा परीक्षक. या वेळी आक्सेल ब्रॉर्सन आला होता. क्रेन बांधतो. मुळात फिटर, डाव्या हाताचे एक बोट अर्धेच आहे आणि बोलणेही तसेच अर्धवट. प्रश्नांच्या चिठ्ठ्या कापडावर पालथ्या मांडल्या होत्या. खिडकी उघडी, वारा सुटलेला, म्हणून मी चिठ्ठ्यांवर ठोकळा ठेवला होता. त्यात माझा काही हेतू नव्हता. मला त्याची सवय झाली आहे.

मुलीने चिठ्ठी उचलली. प्रश्न निघाला: भोक आणि खुंटा यांची बसणी, किती घट्ट, किती सैल, आणि ती तपासावी कशी. माझ्या टिपणांतले सतरावे पान. ती बोलू लागणार तेवढ्यात ब्रॉर्सनने ठोकळा उचलून तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "वहीतलं राहू दे. हा बघ आणि सांग."

मी म्हटले, "ती वस्तू परीक्षेचा भाग नाही."

"टेबलावर आहे ना?" तो म्हणाला.

ताई, ती आता डावखुऱ्याचे काढणार याची मला खात्री होती. पण तिने तसे काही केले नाही. खुंटा बाहेर काढला. तुला माहीत आहे, ठोकळ्यावर एक बारीक ठिपका आहे आणि खुंट्यावर एक. मी नेहमी ठिपक्यासमोर ठिपका ठेवूनच घालतो. तिने एक पैलू फिरवला, घातला, काढला. पुन्हा फिरवला, घातला, काढला. प्रत्येक वेळी मान कलती करून, जणू काही ऐकू येणार आहे. अशा पाच बाजू तिने पाहिल्या. सहाव्या वेळी खुंटा नुसता भोकाच्या तोंडाशी टेकवला, क्षणभर तसाच धरला आणि उचलला. मग माझ्याकडे पाहिले. किती वेळ पाहिले! मला तिच्या डोळ्यांत भीती दिसली, असे मी समजतो. मग तिने ठिपक्यासमोर ठिपका आणून खुंटा आत सारला आणि ठोकळा कापडावर ठेवून दिला.

ब्रॉर्सन म्हणाला, "सहावी?"

ती म्हणाली, "पाच पुरेत. ज्याने केलंय त्याचा हात कळतो."

"कसा आहे हात?"

"फार चांगल्या कारागिराचा," ती म्हणाली. "आणि फार चिडलेल्या."

यावर तो अर्ध्या बोटाचा माणूस मोठ्याने हसला. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. नंतर तिने बसणीचे सगळे बरोबर सांगितले, अर्थात स्वतःच्या शब्दांत. ती बाहेर गेल्यावर मी सात म्हटले. कारण स्पष्ट आहे: सहा बाजू असताना पाच तपासून थांबणे हा आळस आहे, आणि इंजिनिअरला आळस चालत नाही. ब्रॉर्सनने ठोकळा हातात घेतला, खुंटा दोनदा फिरवून पाहिला, परत ठेवला आणि म्हणाला, "विगो, त्या पोरीनं आत्ता तुला काय दिलं ते कळलं का तुला? अकरा लिही."

मला काय दिले? उलट मीच तिला अकरा गुण दिले! पण त्याला चारची गाडी पकडायची होती, वाद वाढवण्यात अर्थ नव्हता. मी लिहिले. दाराबाहेर तिच्या वर्गातले ते सगळे लोहार कागदी झेंडे घेऊन उभे होते. तिला खांद्यावर घेऊन गेले. मी शेजारून गेलो तेव्हा कोणी बाजूलाही झाले नाही.

असो. आता मी त्यांचा प्राचार्य आहे. पहिले काम ठरले आहे. प्रवेशद्वाराच्या दालनात काचेची पेटी करायला दिली आहे. आत मखमलीवर ठोकळा आणि खाली पितळी पाटी: 'प्राचार्यांनी एकोणिसाव्या वर्षी स्वहस्ते केलेला.' उद्घाटन एक ऑगस्टला, सगळ्या शिक्षकांसमोर आणि जिल्ह्यातल्या कारखानदारांसमोर. मी स्वतः खुंटा घालून दाखवणार आहे. तू यावेस असे मला मनापासून वाटते. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो.

तुझा भाऊ,
विगो


होल्मगोर, २२ जून १९७५

विगो,

मेरेते गुरुवारी आली. पिशवी दाराशी टाकली, अॅप्रन चढवला आणि बोटीच्या दांड्याला लागली. मी विचारलं, "कशी झाली परीक्षा?" म्हणाली, "बरी झाली." आणखी एक शब्द नाही. ठोकळ्याचं नाव नाही, तुझं नाव नाही. कॉफीच्या वेळी एवढंच विचारलं, "गुद्रुन, तू तरुण असताना कोणावर चिडली होतीस गं?" मी म्हटलं, सगळ्यांवर. ती मानेनंच हो म्हणाली आणि पाव कापून दिला.

टेबलावर काय घडलं ते मला तुझ्याच पत्रातून कळलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा इतकी हसले की लॉरिट्स बघायला आला. दुसऱ्यांदा रडले.

आता नीट वाच. वाटल्यास लिहून घे.

ठोकळा सहा बाजूंनी बसत नाही. पाचच बाजूंनी बसतो. शेवटच्या आठवड्यात मला सगळ्याचा संताप आला होता. काम माझं, सनद तुला, आणि मी परत चुलीपुढे. मग मी भोकाच्या एका बाजूला केसभर लोखंड ठेवलं आणि खुंट्याच्या एका पैलूवर केसभर. एकेकटे असले तर दोन्ही चालून जातात, समोरासमोर आले की अडतात. तुला सांगितलं, उस्तादांसमोर ठिपक्यासमोर ठिपका ठेवूनच घाल. मला वाटलं होतं, तिघांपैकी एक तरी माणूस फिरवून बघेल. खुंटा अडेल, ते म्हणतील, "पोरा, ही बाजू आमच्यासमोर नीट कर." तुझ्या हातात कानस देतील आणि मग सगळं आपोआप बाहेर येईल. मी दाराआड उभी होते, हातात बटाट्यांचं भांडं. त्यांनी दोन बाजू पाहिल्या. फार थंडी होती आणि बाबांनी हेरिंग आणि दारू मांडून ठेवली होती. "छान, छान," म्हणाले आणि जेवायला बसले.

म्हणजे पदकाला मीही पात्र नव्हते. तेवढं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, तुलाच सांगते.

मला वाटलं होतं, तुला महिनाभरात कळेल. नंतर वाटलं, वर्षभरात. कोणत्याही शिकाऊ पोराला नवा जोड मिळाला की तो पहिल्यांदा सगळ्या बाजूंनी घालून बघतो, हातच शिवशिवतात त्याचे. तू एकोणचाळीस वर्षं तो खिशात घेऊन फिरलास, "सहाही बाजूंनी बसतो" म्हणून हजारभर पोरांना दरडावलंस, आणि एकदाही फिरवून पाहिला नाहीस. पोरांनाही हात लावू दिला नाहीस. लावू दिला असतास तर पहिल्याच वर्षी कुठल्या तरी डेअरीतल्या मिस्त्र्यानं तुला सांगितलं असतं.

मेरेतेला भोकाच्या तोंडाशीच कळलं. तिला तुझा जीव घ्यायचा असता तर नुसतं ढकलायचं होतं. खुंटा अर्ध्यात अडकला असता, त्या हिरव्या कापडावर, ब्रॉर्सनसमोर. जिला तू कॉफी आणायला पाठवलंस, बाहेर काढलंस, बरोबर उत्तरांना पाच दिलेस, तिनं तो उचलून घेतला. तू तिला त्याबद्दल आळशी म्हणालास. भीती म्हणे दिसली तुला! विगो, ती कीव होती. मी ओळखते तो चेहरा, एकोणचाळीस वर्षांपूर्वी कोळशाच्या खोलीत माझाही तसाच झाला होता.

वचन मी पाळते. कोणाला काही सांगणार नाही. उद्घाटनाला येते, पहिल्या रांगेत बसते. ब्रॉर्सनलाही बोलाव, कारखानदार आहे तोही.

पैज मात्र मी जिंकले आहे. पोरगी ख्रिसमसला टिकली, जूनलाही टिकली. मला काय हवं ते सवडीनं मागेन म्हटलं होतं, ते आता मागते. डबे ठेव तुझ्याकडेच. पेटीला काच बसवण्याआधी खोलीचं दार आतून लावून घे, ठोकळा हातात घे आणि सहावी बाजू घालून बघ. अडेल. मग कानस घे आणि तो केस तूच काढ. एक ऑगस्टला अजून पाच आठवडे आहेत. मला चार पुरले होते.

गुद्रुन